पेटीचे झाकण

त्रिमूर्तीनगर, नागपूर
३ एप्रिल २०२५

स्वस्ति श्री. सकल-हिंगणामार्ग-भित्तिभेदन-चक्रचूडामणी, पंचविंशतिवर्षाखंडित-छिद्रकर्मव्रती, सिमेंटरजोविभूषितांग, गिट्टीस्क्रूप्रतिष्ठापनाचार्य, उमरेडनगरभूषण श्रीमान रुपराव धोंडबाजी पराते यांच्या चरणी (उजवा हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे तूर्त करकमली म्हणता येत नाही) दत्तोपंत मुलमुले, बी. ए. (संस्कृत, द्वितीय श्रेणी), कंत्राटदार, याचे साष्टांग दंडवत.

पत्रास कारण की, दूरध्वनी हे उथळ माध्यम आहे. शिवाय तो वच्छलावहिनी उचलतात, ‘बोला भाऊजी’ म्हणतात, आणि जो माझा कंठ सोसायटीच्या सेक्रेटरीसमोर तासभर अस्खलित चालतो, तो तेथे अवरुद्ध होतो. कागद बरा. कागद कोणास ‘बोला’ म्हणत नाही.

मनगट कसे आहे? बोटे हलतात काय? डॉक्टरांनी सांगितलेला रबरी चेंडू दाबतोस की नातेवाइकांस दाखवतोस?

आता व्यवहार. वृद्धांच्या त्या अठ्ठेचाळीस स्नानगृहांपैकी सोळांत आधाराचे दांडे बसले. सतराव्यात एक दांडा एका टोकाने भिंतीस व दुसऱ्या टोकाने अधांतरी आहे, म्हणजे २४ मार्च रोजी ड्रिलचे बिट खांबातील सळईत अडकून, यंत्राने फिरणे न थांबवता तुझे मनगटच फिरवले, तेव्हापासून तो तसाच आहे. सेक्रेटरी प्रत्यही विचारतात, ‘हमारे बुजुर्ग कब तक दीवार पकड़ के नहाएँगे?’ प्रश्न रास्त आहे.

यंत्रही त्या दिवशी निवर्तले. बिट धरणारा चक वाकला, आतून जळका वास येतो. नवे बिनतारी ड्रिल घेणे प्राप्त आहे. काल इतवारीत लोहाओळीत गेलो. दुकानदाराने तीन यंत्रे समोर मांडली. पहिले भीमाच्या गदेसारखे, खोक्यावर शक्तीचा आकडा प्रचंड. दुसरे सडपातळ, जणू नुकतेच पदवीधर झालेले. तिसऱ्यासोबत दोन बॅटऱ्या, एक विजेरी आणि एक टोपी. मी तिघांकडे पाहिले, तिघांनी माझ्याकडे पाहिले, आणि मी टोपीवर मोहित होण्यापूर्वी घरी परतलो. मागचे यंत्र मी आकडा पाहून घेतले होते. त्या आकड्याचे सामर्थ्य कोणावर सिद्ध झाले ते आपण जाणतोच.

म्हणून निवड तुझी. मी केवळ पिशवी धरीन.

तुझा,
दत्तोपंत

*

उमरेड
११ एप्रिल

पंत,

नमस्कार. हे बसून सांगून राहिले आन मी लिहून राहिली. लिहिणारी वच्छला. माह्या अक्षराले हसू नोका भाऊजी, बारावीनंतर मी फक्त किराण्याची यादी लिहिली.

हे म्हणतात: पयले सांग, फोन काहून करत नाही गा? पोस्टमन पत्र घेऊन आला तं गल्लीले वाटलं कोर्टाची नोटीस आली. आन चरणी कायले लिहितं? शेजारची इचारे, ‘पायबी मोडला का?’

ड्रिलचं आयक. आकडा पाहून घेऊ नोको. मशीन बॅटरी लावूनच हातात घ्यायची, बिना बॅटरीची कोणतीबी हलकीच लागते. हात डोक्याच्या वर नेऊन शंभर मोजायचे. साठावरच हात थरथरला तं तिथंच ठेवून द्यायची. बॅटरी अशी पाह्य का आपल्या टाइल कापाच्या कटरलेबी तीच लागन. दुरुस्ती नागपुरातच झाली पाह्यजे, नाहीतं मशीन मुंबईले जाते आन आपुन घरी बसतो. बॅटऱ्या दोन. मे महिन्यात डिक्कीत तापलेली बॅटरी चार्जरले लावली का लाल लाइट देते, मंग ती थंडी होयेपर्यंत तू सेक्रेटरीले संस्कृत आयकवत बसतं. टोपी नोको. टोपी देणारा मशीनमंधी काटते.

आन सगळ्यात मोठी गोष्ट. बिट अडकला का मशीन आपोआप बंद पडली पाह्यजे. तशा आता येतात म्हणते.

पण पंत, मशीनले दोष देऊ नोको. चूक माही होती. साइड हँडल लावला असता तं दोन हातानं धरली असती. टाइलीले त्याचं काम नव्हतं, खांबाले होतं. पेटीत हात घातला, नव्हता. तुले इचारलं तं तू म्हणाला, ‘तूच कुठे तरी ठेवला असशील.’ बरोबरच होतं तुहं. सोळाव्या बाथरूमात जाऊन पाहलं, तिथंबी नाही. सेक्रेटरी डोक्यावर उभा होता, एकच भोक राहलं होतं, मारला एका हातानं. मी तो कुठं ठेवला ते अजून मले आठवून नाही राहिलं. पंचवीस वर्षांत असं झालं नव्हतं.

(हे उठून बाहेर गेले. मी पत्र बंद करते. यमुताईले नमस्कार सांगा. वच्छला.)

*

नागपूर
१७ एप्रिल

स्वस्ति श्री. यंत्रपरीक्षाविशारद, बॅटरीतापमानतत्त्ववेत्ता, टोपीप्रलोभनविध्वंसक श्रीमान रुपराव यांस दत्तोपंताचा सविनय प्रणिपात.

तुझ्या पत्राचा ड्रिलविषयक भाग मी तीनदा वाचला. त्यापुढील भाग एकदा वाचला.

तुझ्या आज्ञेप्रमाणे लोहाओळीत पुनरपि गेलो. गदा मस्तकावर धरून मोजणी आरंभिली. एकतीसला हात थरथरू लागला, चाळीसला दुकानातील ग्राहक मागे सरले, बेचाळीसला दुकानदार म्हणाला, ‘पंडितजी, लेना है या वर देना है?’ गदा बाद. सडपातळ यंत्र शंभरापर्यंत टिकले, परंतु त्याचा दुरुस्तीवाला नागपुरात नाही. तिसऱ्याची बॅटरी कटरला चालते, दुरुस्ती कॉटन मार्केटजवळ होते. मात्र अडकल्यावर थांबते काय, या प्रश्नावर दुकानदार ‘अपने आप रुकना चाहिए’ असे म्हणाला. ‘चाहिए’ हे क्रियापद मला आश्वासक वाटले नाही. तेव्हा निर्णय स्थगित.

यमुताई विचारते की रुपराव कधी येणार. ताईला स्वयंपाकघराच्या खिडकीस द्यायला एक टेकण मिळाले आहे, त्यामुळे खिडकी उघडी राहते आणि मला पोळी खाताना सारखे तिकडेच पाहावे लागते. असो.

हँडलचा विचार तू सोडून द्यावास. विस्मृती हा मनुष्यधर्म आहे. मी परवाच चष्मा लावून चष्मा शोधला. प्राचीनांनी अक्रोड बुद्धिवर्धक मानला आहे. त्याची आकृतीही मेंदूसदृश असते. सोबत पार्सलाने अर्धा किलो उत्तम अक्रोड पाठवीत आहे. प्रातःकाळी चार, दुधासह.

तुझा,
दत्तोपंत

*

उमरेड
२९ एप्रिल

भाऊजी,

हे पत्र माहं आहे, यायले माहीत नाही. हे आता दुकानात गेले.

कोणतं दुकान, सांगते. विणकर सोसायटीच्या लुगड्याच्या दुकानात दरवाज्यापाशी खुर्चीवर बसाचं काम भेटलं. गिऱ्हाइक आलं का दरवाजा उघडाचा. हे म्हणतात, ‘दरवाज्याले हँडल आहे, तो कुठं हरवत नाही.’ आन हसतात. मले हसू येत नाही.

तुमचे अक्रोड आले. हे रोज सकाळी चार खातात. मोजून खातात, आन खाल्ले का वहीत लिहून ठेवतात, खाल्ले का नाही ते इसरू नाही म्हनून. घरात जागोजागी चिठ्ठ्या लावल्या. ‘चष्मा इथं’, ‘चाबी इथं’, ‘गॅस बंद पाहला, सकाळ’. फ्रिजवर ‘हा फ्रिज आहे’ एवढंच लिहाचं राहलं. मी एक चिठ्ठी फाडली तं मले म्हणे, ‘वच्छला, काहून फाडली वं? तीच तं माही आठवण आहे.’

तुमाले माहीत नसन. माह्या सासऱ्याचं असंच सुरू झालं होतं. ते हातमागावर बसत. त्रेपन्नाव्या वर्षी एक दिवस धोटा कुठं ठेवला ते इसरले. साऱ्या घरानं धुंडला. मंग किनारीचं नक्षीकाम इसरले, मंग गल्ली. शेवटी आमालेबी नव्हते ओळखत. यायले आता त्रेपन्नावं चालू आहे. हे बोलत नाही, पण मले समजते. डॉक्टर म्हणते हात मस्त जुळला, प्लास्टर पुढच्या हप्त्यात निघते. पण काल भिंतीवर कॅलेंडराचा खिळा ठोकाचा होता, तं यायनं शेजारच्या मास्तराले बोलावलं. मास्तरानं खिळा वाकडा ठोकला. हे त्याच्याकडं पाहत राहले आन ‘मस्त’ म्हणाले.

सारे औजार तुमच्याकडं पाठवाचं म्हणतात.

भाऊजी, तुमी त्या दिवशी संगं होते. यायनं तो हँडल कुठं ठेवला, तुमाले काही आठवते का? सापडला तं यायच्या डोक्यातून निघन. बाथरूमाच्या खिडकीत, बाल्कनीत, कुठंबी. पाहून या ना एक वेळ.

वच्छला

*

नागपूर
३ मे

रुपराव,

हँडल तू कुठेही ठेवले नव्हतेस. ते माझ्या पिशवीत होते.

पेटी तू उघडायची आणि मी भरायची, ही आपली बावीस वर्षांची वाटणी. आदल्या संध्याकाळीही मीच भरली. हँडल लावलेले असले की त्या पेटीचे झाकण मिटत नाही, म्हणून मी ते नेहमी सोडवून कोपऱ्यात आडवे ठेवीत असे. तू सकाळी तेथेच हात घालीत असस. त्या दिवशी त्या कोपऱ्यात मी बिटांचा नवा डबा ठेवला, हँडलला जागा उरली नाही, तेव्हा ते समपातळी पाहण्याच्या लेव्हलच्या बाटलीबरोबर माझ्या कापडी पिशवीत टाकले. सकाळी तुला सांगेन असे म्हटले. सकाळी विसरलो.

तू विचारलेस तेव्हा मी बाल्कनीत सेक्रेटरींशी बोलत होतो. मी मान न वळवता ते वाक्य बोललो. त्या क्षणी मला खरोखर आठवत नव्हते. माझ्या बाजूने सांगण्यासारखे एवढेच आहे, आणि तेही तासाभरापुरतेच. इस्पितळाच्या बाकावर तुझे आधार कार्ड शोधताना पिशवीत हाताला ते लागले. तू आत होतास. वहिनी उमरेडहून बसने निघाल्या होत्या. मी पिशवीची चेन लावली.

त्यास आज चाळीस दिवस झाले. आधी वाटले, हात जुळू दे, मग सांगू. तुझे पत्र आले, त्यात तू चूक स्वतःकडे घेतली होतीस, आणि मला, रुपराव, हायसे वाटले. हे लिहिताना लाज वाटते, पण तसेच वाटले. त्यानंतर मी तुला अक्रोड पाठवले. हँडल माझ्या घरात होते, ताईच्या खिडकीला टेकण म्हणून लावलेले, आणि मी त्याकडे पाहत पोळी खाऊन तुझ्या स्मरणशक्तीसाठी अक्रोड निवडत होतो. चांगले टणक निवडले.

काल वहिनींचे पत्र मिळाले. ते तुला ठाऊक नाही, त्यांच्यावर रागावू नकोस. मला तुझ्या वडिलांचे माहीत नव्हते. बावीस वर्षे एका डब्यात जेवलो, तू कधी सांगितले नाहीस. सांगितले असतेस तर मी आधी बोललो असतो, असे लिहिणार होतो. तेही खात्रीने म्हणवत नाही.

तू काहीही विसरला नाहीस. तू योग्य वेळी योग्य वस्तू मागितलीस, योग्य जागी हात घातलास, सोळाव्या स्नानगृहात जाऊन पाहिलेस. त्या दिवशी विसरणारा मनुष्य मी होतो. चिठ्ठ्या माझ्या घरी लागायला हव्या होत्या.

हँडल सोबत पाठवीत आहे. ताईला आज टेकण काढताना सगळे सांगितले. ती एवढेच म्हणाली, ‘दत्तू, जेवून घे,’ आणि वाढून आत निघून गेली.

दत्तोपंत

*

उमरेड
१९ मे

पंत,

हे माह्या हातानं लिहून राहिलो. अक्षर वाकडं आहे, पयलेबी वाकडंच होतं.

हँडल भेटला. पत्र भेटलं. चार दिवस मी कोणाशी बोललो नाही. वच्छलाले वाटलं, आता बोलनंबी इसरले. मंग तिले पत्र देल्लं. तिनं वाचलं आन उठून साऱ्या चिठ्ठ्या काढल्या, एकेक करून, आन चुलीत टाकल्या. मंग डोळे पुसून म्हणे, ‘भाऊजी आले तं त्यायले चहा नाही देनार.’ म्या म्हटलं, ‘पानी तं देशीन?’ म्हणे, ‘पाहू.’

हात मोडला त्याचा राग नाही. कामात मोडते. पिशवीत राहला त्याचाबी नाही, मीबी एक वेळ तुहा टेप घेऊन उमरेडले आलो होतो. राग अक्रोडाचा आहे. तेवढे अक्रोड मी वहीत लिहून खाल्ले गा. रोज खातानी वाटे, पंतालेबी समजलं, माह्या डोक्याचं काम संपलं. बापाचा चेहरा दिसे. तुले ‘बोला भाऊजी’ म्हणलं का गळा धरते, आन मले सव्वा महिना काय धरून होतं, ते तू एक वेळ फोन करून इचारलं असतं तं समजलं असतं. हे मी इसरनार नाही. माही आठवण चांगली आहे, आता तूच लिहून देल्लं.

काल मास्तराचा वाकडा खिळा काढला. शेजारून ड्रिल आनली होती, खिळ्याले काही गरज नव्हती, पण आनली. भोक पाडलं, त्यात प्लास्टिकची गिट्टी बसवली, स्क्रू मारला. कॅलेंडर सरळ आहे. वच्छला म्हणे, ‘एवढ्या कॅलेंडराले एवढा मोठा स्क्रू?’

दुकानवाल्याले सांगतलं, जूनपासून दरवाजा ज्याचा त्यानं उघडाचा.

तिसरी मशीन घे. पण पयले दुकानात लाकडाच्या ठोकळ्यात बिट अडकवून पाह्य. ‘चाहिए’ म्हणला तं बाहेर ये. अडकली आन झटक्यात बंद पडली, तरच घे. हँडल संगं आला पाह्यजे, आन तो मशीनले लावलेलाच राहीन. पेटीत, डिक्कीत, दुकानात, कुठंबी. एक मिनिट काढाचा नाही.

आन पेटी आजपासून मी भरन. तू हात लावाचा नाही.

मशीन घेतली का पेटी घेऊन उमरेडले ये. मी पाहीन, मंग सोमवारी सतराव्या बाथरूमात जाऊ.

रुपराव

*

नागपूर
२४ मे

स्वस्ति श्री. अविस्मरणीयस्मृतिधर, सरलकॅलेंडरस्थापक, लुगडेद्वारपालपदत्यागी श्रीमान रुपराव धोंडबाजी पराते यांच्या करकमली (आता म्हणता येते) पेटिकापूरणाधिकारच्युत, अक्रोडकलंकित दत्तोपंत मुलमुले याचा नतमस्तक प्रणाम.

पत्र मिळाले. अक्रोडाचा परिच्छेद मी रोज एकदा वाचतो, सकाळी, दुधाविना. वहिनींस सांग की पाणी पुरे.

तुझ्या आज्ञेनुसार तिसरे यंत्र घेतले. दुकानदाराच्या सागवानी ठोकळ्यात बिट मुद्दाम तिरपे घालून अडकवले. यंत्राने एक हिसका दिला आणि जागच्या जागी निःशब्द झाले. मी चार वेळा अडकवले. चारही वेळा ते थांबले. पाचव्यांदा दुकानदाराने ठोकळा काढून घेतला. मस्तकावर धरून शंभर मोजले, हात स्थिर होता. बॅटऱ्या दोन. टोपी त्याने आग्रहाने दिली, ती मी त्याच्याच काउंटरवर ठेवून आलो. हँडल सोबत होते, ते मी तेथेच लावले आणि घट्ट पिळले. घरी आल्यावर पुन्हा पिळले.

स्वयंपाकघराची खिडकी आता वाऱ्याने आपटते. ताई तिला काहीच टेकण देत नाही. आपटू देते.

आता एक अडचण. पुढच्या शनिवारी सकाळच्या बसने पेटी घेऊन निघतो; परंतु हँडल लावलेले असताना या पेटीचेही झाकण मिटत नाही. यंत्र उलटे ठेवले, आडवे ठेवले, बॅटरी काढून ठेवले. चार बोटे उघडे राहतेच. दुकानदाराकडे परत नेली, तर तो म्हणाला, ‘सर, हँडल निकालकर रखिए ना, सब लोग ऐसेही रखते हैं.’ मी पेटी उचलून परत आलो. सुतळीने बांधली, तर सुतळी कडीवरून घसरते. ताईची जुनी नाडी बांधली, ती तुटली. अशी जांभई देणारी पेटी मांडीवर घेऊन उमरेडपर्यंत बसायचे, तर रस्त्यावरचे खड्डे पाहता बिटे शेजाऱ्याच्या अंगावर सांडणार, आणि वर ठेवायची म्हटले तर कंडक्टर उघडी पेटी ठेवू देत नाही. झाकणाचे काय करावे, ते शुक्रवारच्या आत कळव.